मदत हवी आहे: जलरंगात बर्फावरची सावली मळकट होतेय

हिमाचलमधल्या स्पितीतल्या हिवाळ्यातल्या फोटोंवरून तिथल्या ‘की’ नावाच्या बौद्ध मठामागचे डोंगर रंगवतेय. अडलंय मावळतीच्या उन्हापाशी. शिखरावर फिकट गुलाबी ऊन आणि त्याला अगदी खेटून निळी सावली. दोन्ही जिथे भेटतात, नेमका तिथेच रंग मळकट जांभळा होतो.

अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला तर बर्फ सिमेंटसारखा दिसतो. नुसता कोबाल्ट ब्लू लावला की सावली म्हणजे आकाशाचा निखळलेला तुकडा. रोझ मॅडर या गुलाबीचा पातळ थर पूर्ण वाळवून वर निळा ग्लेझ (पातळ पारदर्शक थर) दिला, तर खालचा गुलाबी उठतो, म्हणजे ओला होऊन कागदावरून सुटतो, आणि कड पुसट होते. मला ती कड धारदार हवीय.

कागद 300 जीएसएम (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) आहे, तेव्हा त्याला दोष देता येणार नाही. पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) नको, बर्फ कोऱ्या कागदाचाच ठेवायचाय. ॲक्रिलिककडे वळा असंही कृपया सुचवू नका! फोटोत सावल्या जवळजवळ काळ्या आल्यात, त्यामुळे रंग तिथून उचलता येत नाही.

मग आधी निळी सावली घालून गुलाबी नंतर द्यावा का? की क्रम हाच ठेवून, न उठणारा दुसरा गुलाबी घ्यावा, आणि घेतला तर कोणता?