शेकआउटच्या बॅग फिल्टरला पावसाळ्यात काय होतं? (बॅगा चोक)

शिरोली_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका मध्यम फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. ग्रीन सँडचं, म्हणजे ओलसर वाळू-मातीच्या साच्यांचं काम आहे. शेकआउटवर, म्हणजे साचा फोडून गरम कास्टिंग वाळूतून काढतो तिथं, गेल्या दिवाळीत बॅग फिल्टर (धुळीची हवा कापडी बॅगांतून गाळणारा) बसवला. शेजारच्या कारखान्यात शॉट ब्लास्टिंगवर (बारीक लोखंडी गोळ्या मारून कास्टिंग साफ करतात तिथं) हाच सेट दोन वर्षं विनातक्रार चालतोय, म्हणून मालकांनी डोळे झाकून तसाच मागवला. १२० बॅगा, प्रत्येकी १५० मिमी व्यास, ३ मीटर लांब, साधं पॉलिस्टर फेल्ट. ब्लोअर १२,००० सीएफएम (मिनिटाला घनफूट), मेन डक्ट ६०० मिमी.

मे महिन्यापर्यंत मॅग्नेहेलिक (बॅगांचा हवेला होणारा अडथळा पाण्याच्या मिमीत दाखवणारा दाबाचा मीटर) १२० मिमीवर होता. जूनचा पाऊस सुरू झाला आणि आता २५० च्या खाली येत नाही. हूडला (धूर ओढायच्या टोपाला) ओढच नाही, धूर सगळा शेडमध्ये. बॅग काढली तर वर काळा थर, वाळल्यावर पापडासारखा तुकड्यांनी निघतो. बॅग झटकायला आतून कॉम्प्रेसरच्या हवेचा पल्स मारतो, त्या दोन पल्समधला वेळ निम्म्यावर आणला, हवेचा दाब ६ किलोवर नेला, तर परिस्थिती आणखी बिघडली. पोरं आता बॅगा काढून काठीनं झोडतात. सप्लायर म्हणतो, तुमची धूळ खराब आहे. धूळ चांगली कधी असते, हे काही तो सांगत नाही.

बॅगवाला_पिंपरी:
मेंब्रेनवाल्या (वर पातळ पडदा चिकटवलेल्या) बॅगा घ्या. थर वरच राहतो आणि पल्सला पटकन सुटतो. मेसेज करा, रेट देतो.

जुना_फाउंड्रीवाला:
भाऊ, आधी ते काठीनं झोडणं आजच्या आज बंद करा. त्या थरात बारीक सिलिका आहे. वाळूचा १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला तीन मिनिटं लागतात. १ मायक्रॉनचा कण त्याच्या शंभरपट सावकाश, पाच तास तरंगतो. पोरगं जेवून परत येतं तेव्हाही तो तिथंच असतो. सिलिकोसिस झाला की फुप्फुस परत दुरुस्त होत नाही. माझ्याबरोबर फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) असलेले दोघे असेच गेले, म्हणून जरा जोरात बोलतोय.

आता तुमचा प्रश्न. सप्लायर अर्धं खरं बोलला. शॉट ब्लास्टिंगची धूळ म्हणजे फुटलेले शॉट, लोखंडाचा गंज, थोडी वाळू. जड, कोरडी, खरखरीत. ती बॅग घासून फाडेल, पण चिकटणार नाही. पल्स मारला की दगडासारखी खालच्या हॉपरमध्ये पडते. तुमच्या शेकआउटला काय येतं? तापलेल्या कास्टिंगनं वाळूतलं पाणी उकळून झालेली वाफ, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) आणि कोळसा पावडरीचा डांबरट धूर. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतो, त्यासाठीच तर आपण तो वाळूत घालतो! जे काम तो साच्यात करतो तेच तुमच्या बॅगेवर करतोय. बाहेर पाऊस, पत्रा गार, आत वाफ. दवबिंदू गाठला की झाला चिखल.

दुसरं म्हणजे कापडाचा हिशोब. तुमच्या १२० बॅगांचं कापड भरतं साधारण १७० चौरस मीटर आणि हवा मिनिटाला ३४० घनमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमधून मिनिटाला २ घनमीटर. जड धुळीला हे खपून जातं. बारीक, हलक्या धुळीला मी १.४ च्या वर जात नाही. नाहीतर बॅगेवरून सुटलेली धूळ वर येणाऱ्या हवेत अडकते, खाली पडतच नाही, शेजारच्या बॅगेवर जाऊन बसते. जास्त पल्स मारून तुम्ही उलट केलंत. बारीक धूळ खरं तर कापडापेक्षा धुळीचा पातळ थरच अडवतो. तो सारखा उडवला की बारीक कण फेल्टच्या आत घुसतात.

हूड बंदिस्त करा, पडदे लावा, मग ८,५०० सीएफएममध्ये भागेल. पण नुसता डॅम्पर (डक्टमधली हवा कमी-जास्त करायची झडप) दाबू नका. ६०० च्या डक्टमध्ये आज वेग सेकंदाला २० मीटर आहे, तो १४ वर येईल आणि वाळू आडव्या डक्टमध्ये बसेल. आडवा भाग ५०० मिमीचा करा, वेग परत २० वर येतो.

पिंपरीवाल्यांची मेंब्रेन चांगलीच असते, पण पाणी साचणं थांबवल्याशिवाय घेऊ नका, पैसे पाण्यात. आणि एक सांगा, बॅग ओली निघते ती आतून की बाहेरून?

हळद_सांगली:
आमची हळद दळायच्या पल्व्हरायझरवरची धूळ वेगळीच. तेलकट, हलकी, आणि सगळीच जळणारी. तुमच्या धुळीत कोळसा असला तरी वाळू-माती भरपूर. आमच्याकडे अँटिस्टॅटिक बॅगा, प्रत्येक केजला (बॅगेच्या आतल्या तारेच्या सांगाड्याला) अर्थिंग, गिरणीआधी लोखंड पकडायला मॅग्नेट. ठिणगी आत जाता कामा नये. आमच्या लाइनमध्ये सेकंडहँड फिल्टर कुणी स्वस्तात दिला तरी आधी विचारतो, त्यात आधी काय धूळ होती?

शिरोली_मेंटेनन्स:
काका, दीड महिन्यानं लिहितोय, माफ करा. झोडणं त्याच दिवशी बंद केलं. डक्ट आणि केसिंगला रॉकवूल लावलं. मोल्ड येण्याआधी २० मिनिटं ब्लोअर कोरड्या हवेवर चालवतो, शिफ्ट संपल्यावर परत २० मिनिटं. आधी शिट्टी झाली की स्विच बंद व्हायचा आणि वाफ आतच राहायची. नव्या बॅगांवर चुनखडीच्या पावडरीचा हात दिला. हूडला रबरी पडदे लावले. ५०० चा डक्ट मालकांनी मंजूर केला, पण काम दसऱ्याला, तोवर डॅम्पर तसाच ठेवलाय. मॅग्नेहेलिक आज १५५.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक बॅगा बाहेरून ओल्या. पण कोपऱ्यातल्या सहा बॅगा आतून ओल्या निघाल्या. कॉम्प्रेसरच्या रिसीव्हरचा ड्रेन उघडला तर अर्धी बादली पाणी आलं. ऑटो ड्रेन कधीचा जाम होता. तो बदलला, चार बॅगा कोरड्या झाल्या. दोन अजून ओल्याच. काल पाऊस चालू असताना वर चढून बघितलं. फिल्टरच्या वरच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात फुटलंय आणि पाणी थेट त्या दोन बॅगांत ठिबकतंय. रबर उद्या येतंय, आज वर ताडपत्री बांधलीय.