सॉकेटवरून माहिती येते, पण अ‍ॅपमधून आज्ञा जात नाही – मदत हवी आहे

अधांतर

पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारे आणि पंप चालू-बंद करणारे एक अ‍ॅप मी लिहीत आहे. टाकीजवळच्या छोट्या संगणकावर माझाच सर्व्हर चालतो. तो दर सेकंदाला पातळी पाठवतो आणि ती अ‍ॅपमध्ये बिनचूक दिसते. मात्र पंपाचे बटण दाबले की काहीच घडत नाही. अ‍ॅप बंद पडत नाही, स्क्रीन गोठत नाही, लॉगमध्ये एकही एरर नाही आणि सर्व्हरपर्यंत एक बाइटही पोचत नाही. सॉकेटचे (सर्व्हरशी उघड्या ठेवलेल्या जोडणीचे) सगळे काम मी बॅकग्राउंड थ्रेडवरच (स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडहून वेगळ्या, स्वतंत्र चालणाऱ्या धाग्यावर) ठेवले आहे, त्यामुळे मुख्य थ्रेडवर नेटवर्क वापरू नका हा सल्ला कृपया पुन्हा देऊ नये. दोन रात्री यात गेल्या आहेत आणि परवा हे चालू स्थितीत द्यायचे आहे. काय चुकत असेल?

क्षितिज_रेषा

अँड्रॉइड की आयओएस, जावा की कोटलिन, एमुलेटर की खरा फोन, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. पातळी दिसते आहे, त्याअर्थी पत्ता, पोर्ट आणि इंटरनेटची परवानगी ठीक असणार. लॉग कोरा आहे याचा अर्थ चूक झालीच नाही असा होत नाही. अँड्रॉइड ३.० पासून मुख्य थ्रेडवर नेटवर्कला हात लावला की एक्सेप्शन (चुकीची सूचना) येते, पण ते रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये (चूक पकडणाऱ्या कोडमध्ये) गिळले गेले असेल तर लॉगमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही. आज्ञा पाठवणारी फंक्शन नेमकी कोणत्या थ्रेडवर चालते, हे कृपया सांगावे.

जुना_कारागीर

फ्लश केले नसेल, म्हणजे साठलेले बाइट लगेच पुढे पाठवायला सांगितले नसेल. बफर्ड आउटपुट स्ट्रीमचा बफर ८१९२ बाइटांचा असतो आणि आपली आज्ञा फार तर आठ-दहा बाइटांची असेल. बफर भरेपर्यंत किंवा कोणी फ्लश सांगेपर्यंत ती फोनमध्येच पडून राहते. प्रिंटरायटर वापरत असाल तर त्याची आणखी एक खोड लक्षात ठेवावी: लिहिताना आलेली चूक तो एक्सेप्शन म्हणून वर देतच नाही, चेकएरर बोलावून ती मुद्दाम विचारावी लागते. लक्षणे तंतोतंत जुळतात.

अधांतर

अँड्रॉइड, जावा, खरा फोन. डेटाआउटपुटस्ट्रीम वापरतो, आधी चार बाइटांत लांबी लिहितो, मग मजकूर लिहितो आणि शेवटी फ्लश करतो. कॅच ब्लॉक रिकामे नाहीत, प्रत्येकातून लॉगमध्ये नोंद होते. पाठवण्याची फंक्शनही बॅकग्राउंडलाच आहे, हे मी वर लिहिले आहे. आणि फ्लशचीच अडचण असती तर जोडणी होताच अ‍ॅप जो ओळख-संदेश पाठवते, तो तरी कसा पोचला असता? तो पहिला संदेश प्रत्येक वेळी पोचतो. त्यानंतरचा एकही पोचत नाही.

मेघवर्ण

कच्चे सॉकेट सोडून द्यावे, असे मी मनापासून सुचवेन. वेबसॉकेटचे मानक २०११ सालापासून प्रसिद्ध आहे आणि ओकेएचटीटीपीसारख्या लायब्ररीत ते तयार मिळते. कच्चे सॉकेट ज्यावर चालते तो टीसीपी हा नुसता बाइटांचा प्रवाह आहे, त्यात संदेश कुठे संपला हे कळत नाही. वेबसॉकेटमध्ये ती सीमा आयती मिळते, जोडणी जिवंत आहे का हे तपासणारे पिंग-पाँग मिळते आणि वाचण्या-लिहिण्याचे थ्रेड लायब्ररी स्वतः सांभाळते. मी दोन प्रकल्पांत हाच बदल केला आणि अशा तक्रारी पूर्णपणे थांबल्या.

जुना_कारागीर

पहिला संदेश पोचतो म्हटल्यावर फ्लशचा माझा अंदाज मागे घेतो. पण परवा काम द्यायचे असताना दोन्ही टोकांचा प्रोटोकॉल बदला, हा सल्ला मला पटत नाही. संदेशाची सीमा त्यांनी चार बाइटांच्या लांबीने आधीच ठरवली आहे. चूक कुठे आहे हे न कळताच घर बदलले तर ती चूक सामानाबरोबर नव्या घरातही येते.

मेघवर्ण

चूक थ्रेडच्या हाताळणीत असेल, तर थ्रेड स्वतः न हाताळणे हाच तिच्यावरचा खरा उपाय आहे, असे माझे मत आजही आहे.

सावली

अ‍ॅप पडद्याआड गेल्यावर ही जोडणी टिकणार नाही, याचा विचार आधी करावा. अँड्रॉइड ६.० पासून डोझ आहे, म्हणजे फोन चार्जिंगला नसताना बराच वेळ स्वस्थ पडून राहिला की नेटवर्क रोखले जाते. अँड्रॉइड ८.० पासून पडद्याआडच्या सर्व्हिसवर आणखी मर्यादा आल्या. त्यामुळे कायम दिसणाऱ्या नोटिफिकेशनसह फोरग्राउंड सर्व्हिस लिहावी किंवा पुश संदेशाने अ‍ॅपला जागे करावे. पडद्याआडची कामे चालवणारा वर्कमॅनेजर इथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या आवर्ती कामात किमान १५ मिनिटांचे अंतर लागते.

अधांतर

अ‍ॅप समोर उघडे असतानाच वापरायचे आहे, बंद असताना काहीही नको. कृपया मूळ प्रश्नावर बोलावे.

आज सर्व्हर मध्येच थांबवून पाहिला, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. इतका वेळ कोरा असलेल्या लॉगमध्ये 'सॉकेट क्लोज्ड' हे एक्सेप्शन एका क्षणात पाठोपाठ ११ वेळा आले. वाचण्याचा लूप संपला की मी फायनली ब्लॉकमध्ये (शेवटी हमखास चालणाऱ्या कोडमध्ये) सॉकेट बंद करतो, त्यामुळे एकदा येणे समजू शकते, पण ११ वेळा का यावे?

क्षितिज_रेषा

सर्व्हर थांबवण्याआधी आपण पंपाचे बटण किती वेळा दाबले होते? आणि बॅकग्राउंड थ्रेड आपण कसा तयार करता? थ्रेडचा नवा ऑब्जेक्ट, असिंकटास्क, हँडलरथ्रेड की एक्झिक्युटर?

अधांतर

मोजले नव्हते, म्हणून पुन्हा करून पाहिले. ७ वेळा दाबले, सर्व्हर थांबवला आणि ७ एक्सेप्शन आली. एक्झिक्युटर (दिलेली कामे थ्रेडवर चालवणारा) आहे, सिंगल थ्रेडचा. जोडणी, ओळख-संदेश आणि वाचण्याचा लूप हे एक काम, आणि बटण दाबले की त्याच एक्झिक्युटरला पाठवण्याचे दुसरे काम देतो. एक सॉकेट एकाच थ्रेडने हाताळावे, असे वाचल्यामुळे तसे केले.

क्षितिज_रेषा

मग कारण सापडले. आपल्या आज्ञा हरवत नाहीत, त्या रांगेत उभ्या आहेत.

सिंगल थ्रेड एक्झिक्युटरकडे एकच थ्रेड असतो आणि हातातले काम पूर्ण झाल्याशिवाय तो पुढचे काम उचलत नाही. आपले पहिले काम जोडणी करते, ओळख-संदेश पाठवते आणि मग वाचण्याच्या लूपमध्ये शिरते. त्या लूपमधला रीडइंट (चार बाइटांची संख्या वाचणारी आज्ञा) पुढचे चार बाइट येईपर्यंत तिथेच थांबून राहतो, बाइट आले की पातळी दाखवतो आणि पुन्हा थांबतो. म्हणजे जोडणी जिवंत आहे तोवर हे पहिले काम संपणारच नाही, आणि बटणाच्या प्रत्येक दाबाचे काम त्याच्या मागे निमूटपणे उभे राहते. ओळख-संदेश लूपच्या आधी असल्यामुळे तेवढा पोचतो. सर्व्हर थांबला की प्रवाह संपतो, लूप तुटतो, फायनलीमध्ये सॉकेट बंद होते, आणि त्याच क्षणी मोकळा झालेला थ्रेड साचलेली सात कामे एकामागून एक उचलतो. प्रत्येकाला बंद सॉकेट मिळते, म्हणून सात एक्सेप्शन. लॉग आधी कोरा होता, कारण त्या कामांची पहिली ओळसुद्धा तोवर चाललेली नव्हती.

आपण वाचलेला नियम बहुधा स्क्रीनवरच्या व्ह्यूंचा (बटण, मजकूर अशा घटकांचा) असावा. ज्या थ्रेडने व्ह्यू तयार केले त्यानेच त्यांना हात लावावा, हे खरे. सॉकेटला तसे बंधन नाही. त्याची वाचण्याची आणि लिहिण्याची बाजू स्वतंत्र असते, त्यामुळे एक थ्रेड वाचत अडकलेला असताना दुसऱ्याने लिहिणे पूर्णपणे सुरक्षित आहे. दोन एक्झिक्युटर करावेत, एक फक्त वाचण्यासाठी आणि एक फक्त लिहिण्यासाठी. लिहिणारा मात्र एकच ठेवावा, नाहीतर एका आज्ञेची लांबी आणि दुसरीचा मजकूर एकमेकांत मिसळण्याची भीती राहते.

मेघवर्ण

कोटलिनच्या कोरुटीन (मध्येच थांबू शकणारी हलकी कामे) वापरल्या असत्या, तर त्यांना थ्रेड पुरवणाऱ्या आयओ डिस्पॅचरकडे मुळातच किमान ६४ थ्रेडपर्यंत मुभा असते, त्यामुळे ही कोंडी झालीच नसती.

जुना_कारागीर

ही कोंडी झाली नसती, पण दुसरी झाली असती. कोरुटीन रद्द केली म्हणून सॉकेटवर अडकलेले वाचन सुटत नाही, आणि जावातल्या थ्रेडला इंटरप्ट केल्यानेही ते सुटत नाही. दुसऱ्या थ्रेडवरून सॉकेट बंद करणे हाच त्यावरचा भरवशाचा मार्ग आहे. तसे केले की अडकलेले वाचन एक्सेप्शन देऊन बाहेर पडते आणि थ्रेड मोकळा होतो. अधांतर, आपण स्क्रीन सोडताना नुसते शटडाउननाऊ (एक्झिक्युटर थांबवण्याची आज्ञा) बोलावत असाल, तर वाचणारा थ्रेड मागे तसाच राहत असेल, तेवढे तपासून घ्यावे.

अधांतर

दोन एक्झिक्युटर केले आणि पहिल्याच दाबाला पंप सुरू झाला. मनापासून आभार. शटडाउननाऊचेही खरे निघाले. फोन आडवा केला की अ‍ॅक्टिव्हिटी नव्याने तयार होत होती आणि सर्व्हरवर जुनी जोडणी तशीच उघडी दिसत होती. सॉकेट आता व्ह्यूमॉडेलमध्ये (फोन आडवा केला तरी टिकणाऱ्या भागात) हलवले आहे आणि त्याच्या ऑनक्लिअर्डमध्ये, म्हणजे तो भाग संपताना, ते बंद करतो.

आता एकच अडचण उरली आहे. 'ओएन' आणि 'ओएफएफ' या आज्ञा मी रोमन लिपीत पाठवतो, त्या व्यवस्थित जातात. पण टाकीचे नाव मराठीत बदलले की सर्व्हर गोंधळतो. मी 'टाकी' पाठवले, तर त्याला नुसता 'ट' आणि पुढे एक अगम्य चिन्ह मिळाले. त्यानंतरची कोणतीही आज्ञा त्याला कळत नाही. हेही थ्रेडमुळेच होत असेल का?

जुना_कारागीर

लांबी म्हणून आपण स्ट्रिंगची लेंग्थ लिहीत आहात का?

अधांतर

होय. आधी लेंग्थ, मग गेटबाइट्सने मिळालेले मजकुराचे बाइट.

जुना_कारागीर

तर मग याचा थ्रेडशी संबंध नाही. जावाची लेंग्थ 'टाकी'साठी ४ सांगते: ट, काना, क आणि दुसरी वेलांटी. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून तारेवर १२ बाइट जातात. सर्व्हर आपल्या शब्दावर विश्वास ठेवून चारच बाइट वाचतो. पहिल्या तीन बाइटांचा 'ट' होतो आणि चौथा म्हणजे कान्याचा तुटका तुकडा, तेच आपले अगम्य चिन्ह. उरलेल्या आठपैकी पहिले चार बाइट तो पुढच्या संदेशाची लांबी समजून वाचतो आणि तिथून सगळा हिशेब कायमचा सरकतो. रोमन अक्षर एका बाइटाचे असल्यामुळे इतके दिवस हे लपून राहिले. आधी गेटबाइट्सने यूटीएफ-८ चा अ‍ॅरे काढावा, त्या अ‍ॅरेची लांबी लिहावी आणि मग तोच अ‍ॅरे पाठवावा. सर्व्हरच्या बाजूलाही रीड न वापरता रीडफुली वापरावे, कारण मागितलेले सगळे बाइट एकाच वेळी हाती येतील याची खात्री रीड देत नाही.

सावली

लांबी वाचल्यावर ती ऋण किंवा अवाजवी मोठी असेल तर जोडणी तोडावी, एवढी तपासणीही सर्व्हरमध्ये असू द्यावी. नाहीतर तो कधीच न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत बसतो.

अधांतर

दोन्ही बदल केले. सर्व्हरच्या लॉगमध्ये आता 'टाकी'ची लांबी १२ दिसते, नाव पूर्ण येते आणि त्यानंतर पाठवलेली पंपाची आज्ञाही पोचते. सावली, ऋण लांबीची तपासणी आज रात्री घालतो. बाकी सगळे चालू झाले आहे.