.२२ स्पोर्ट पिस्तूल : शेवटचे राउंड अडकतात, काय बघावं?

उद्यमनगरकर

राम राम मंडळी. पोरगी १० मीटर एअर पिस्तूल मारायची, आता २५ मीटरला उतरलीय. तिच्या लायसनवर .२२ चं स्पोर्ट पिस्तूल घेतलं, सेकंडहँड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथं लगेच ‘ते घेतलंच कशाला’ सुरू होतंय.

पाच राउंडच्या सिरीजमध्ये पहिले तीन झकास जातात. चौथा नाहीतर पाचवा अडकतो. गोळीचं नाक चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) खालच्या कडेला धडकतं, शिसं चेपतं आणि बोल्ट (मागंपुढं सरकणारा भाग) अर्धवट उघडा राहतो. शिवाय रॅपिडला (भराभर मारायच्या फेरीत) कधी कधी रिकामी पुंगळी बाहेर न पडता बोल्टच्या तोंडात धुराड्यासारखी उभी राहते. प्रिसिजनला (सावकाश मारायच्या फेरीत) हा दुसरा प्रकार कधीच नाही.

माझं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं, त्यामुळं हात शिवशिवतात. परवा पोरगीनं रेंजवर साफ करायला उघडलं तेव्हा बघितलं, चेंबरच्या तोंडाशी टूलमार्कसारखं काहीतरी दिसतंय. बारीक पॉलिश पेपरनं हलका हात फिरवला तर? रिकॉइल स्प्रिंगचा एक वेढा कमी केला तर बोल्ट जोरात मागं येईल का? फायरिंग पिनचं टोकही चपटं झाल्यासारखं वाटतंय, तसली पिन आपल्या सीएनसीवर अर्ध्या तासात निघेल. तेलाला कमी करत नाही, शिलाई मशीनचं तेल सढळ हातानं घालायला सांगितलंय. पावसाळा आहे, गंज नको.

पंचवीस_मीटर

काका, दुरुस्तीचं जाणकार सांगतील, मी मॅचमधलं सांगते. ताईला आजच सांगून ठेवा. पिस्तूल अडकलं की ते टार्गेटच्या दिशेनंच धरायचं, पकड सोडायची नाही, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबायचं. सवयीनं बोल्ट ओढून मोकळा केला तर पंच ते ‘अलाउएबल मालफंक्शन’ (माफ होणारा बिघाड) धरत नाहीत आणि राहिलेल्या गोळ्या गेल्या. सरावात हाच घोळ होतो. तिथं अडकलं की सगळे फटाफट बोल्ट ओढतात आणि मॅचमध्ये हात आपोआप तिकडंच जातो.

रॅपिडला हिरवा दिवा ३ सेकंद, लाल ७ सेकंद, दर वेळी हात ४५ अंशांतून वर. चौथ्या-पाचव्या गोळीला मनगट ढिलं पडतंच. पुंगळी रॅपिडलाच अडकते म्हणालात, म्हणून लिहिलं. दुधाळीच्या रेंजवर पावसाळ्यात घामानं ग्रिप निसटते, ते वेगळंच.

आर्मरर_शिरोळ

उद्यमनगरकर, आधी तो पॉलिश पेपर खाली ठेवा. मग बोलू.

मी लष्कराच्या ईएमईत आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो, आता गावाकडं ऊस बघतो. नोकरीत सगळ्यात जास्त हाताळलं ते ९ एमएमचं वन-ए पिस्तूल, ईशापूरला बनणारं, मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर. त्याच्यात गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकांत गुंतलेली असतात. दोन्ही मिळून जरा मागं येतात, मग नळी खाली बसते आणि स्लाइड सुटी होऊन मागं जाते. तुमच्या .२२ मध्ये असलं कुलूप नाही. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा कारभार. पुंगळीच बोल्टला मागं ढकलते. ब्लोबॅक म्हणतात ते हेच.

म्हणून स्प्रिंगचा वेढा कापायचा विचार डोक्यातनं काढा. स्प्रिंग काय नुसती बोल्टला अडवत नाही, परत येताना राउंड चेंबरमध्ये कोंबायचं कामही तिचंच. वेढा कापला की बोल्ट मागं जोरात आदळून बफर (धक्का झेलणारा भाग) खाणार आणि पुढं येताना दम कमी पडणार. आज पाचवा अडकतोय, उद्या दुसरा अडकेल.

तुमच्याकडं दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकात मिसळू नका.

पहिलं, नाक धडकायचं. शेवटच्या राउंडलाच होतंय म्हटल्यावर माझा पहिला संशय मॅगझीनवर. मॅगझीन भरलेलं असतं तेव्हा स्प्रिंग दाबलेली असते, जोर भरपूर. राउंड संपत येतात तशी ती सैल होत जाते, आणि थकलेली स्प्रिंग शेवटचा राउंड वेळेत वर आणत नाही. बोल्ट येऊन त्याला तिरपाच ढकलतो. त्यात .२२ च्या गोळीला बाहेरनं मेण असतं. ते मेण, जळालेल्या दारूची काजळी आणि तुमचं सढळ हाताचं तेल, तिन्हीचा लगदा मॅगझीनच्या आत बसतो आणि फॉलोअर (राउंड वर ढकलणारी पट्टी) चिकटत चिकटत वर येतो. मॅगझीन उघडायचं, सगळं पुसायचं आणि कोरडंच बंद करायचं. आत तेल घालायचंच नाही. खिशातनं सुटे राउंड काढून भरायची सवय असली तर तीही बंद. मेणाला खिशातली सगळी माती चिकटते.

मग मॅगझीनवर रंगानं १, २, ३ असे आकडे टाका. पोरीला वही द्या : कुठलं मॅगझीन, कितवा राउंड, काडतुसाचा कुठला लॉट, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझीन बदललं तर काडतूस तेच ठेवा, काडतूस बदललं तर मॅगझीन तेच. जाम फिरून फिरून एकाच मॅगझीनला आला तर पिस्तुलाला हात लावायची गरजच नाही. तुम्ही तर मशीनवाले, जॉब रिजेक्ट झाला की आधी फिक्स्चर बघता की स्पिंडल खोलता?

दुसरं, पुंगळी उभी राहायचं. म्हणजे ती चेंबरमधनं निघाली, पण फेकली गेली नाही. बोल्टच्या तोंडावर एक्सट्रॅक्टरचा नख्यासारखा भाग असतो, त्याच्या पोटात काजळी घट्ट बसते. लाकडी टूथपिकनं कोरून काढा, लोखंडी सुई नको. चेंबरमध्ये ब्राँझचा ब्रश दोन-चार वेळा फिरवून पुसून घ्या. काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं वापरा, असली पिस्तुलं त्याच्यावरच बेतलेली असतात. हलकं काडतूस बोल्टला पूर्ण मागं नेत नाही, हाय व्हेलॉसिटीचं आतला माल झोडपतं. एवढं करूनही रॅपिडला पुंगळी उभी राहिली तर पोरीच्या कोचला तेच पिस्तूल, तेच मॅगझीन मारायला सांगा. त्यांच्या हातात चाललं तर वर ताईंनी मनगटाचं सांगितलंय तेच खरं. हात मागं लवला की बोल्टचा थोडा जोर तिथंच मरतो.

आता तुमचे ते टूलमार्क. पार्दिनी एसपी काय किंवा वॉल्थर जीएसपी काय, या वर्गातल्या पिस्तुलांचं मशीनिंग असलं नसतं. भिंग लावून बघा. चेंबरच्या अगदी काठावर, पिन पडते त्याच जागी, पिनच्याच आकाराचा खड्डा असला तर तो आधीच्या मालकाचा प्रताप. .२२ रिमफायर. स्फोटक मसाला काडतुसाच्या रिममध्ये असतो, म्हणून पिन मधोमध न पडता कडेला पडते. चेंबर रिकामं ठेवून, ड्रायफायरची (काडतुसाशिवाय चाप ओढायच्या सरावाची) सोय न लावता चाप ओढत बसलं की पिन थेट चेंबरच्या काठावर बसते. काठ आत चेपतो आणि राउंड जाताना-येताना घासतो. हे काम गनस्मिथचं. त्याच्याकडं चेपलेलं धातू परत जागेवर सारायचं हत्यार असतं. पॉलिश पेपर धातू खातो. खाल्लेलं चेंबर परत येत नाही.

आणि पिनचं टोक चपटं झालेलं नाही, रिमफायरची पिन चपटीच असते. नवी बनवायची तर बोलूच नका. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रच. बनवायला लायसन लागतं, दुरुस्त करायलाही लागतं. तुमच्या सीएनसीवर पिन अर्ध्या तासात निघेल, कोर्टाची तारीख नाही निघायची. आणि लायसन पोरीचं आहे, तेव्हा उघडझाक तिच्याच हातनं होऊ दे. तुम्ही बाजूला बसून भिंग धरा.

तेलाचं : बोल्ट जिथं घासत जातो तिथं एकेक थेंब, बोटानं पसरून फडक्यानं पुसायचं. चेंबरमध्ये तेल नको. पुंगळी चेंबरला धरून न राहता बोल्टवर जास्त जोरात आदळते. बाहेरच्या लोखंडाला मात्र मारून झाल्यावर रोज तेलाचं फडकं फिरवा, घामातलं मीठ एका रात्रीत डाग पाडतं. आणि पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या पेटीत ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो. वरनं चकचकीत दिसणारं पिस्तूल उचललं की खालच्या बाजूला तांबूस ठिपके. कपाटात सिलिका जेल ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत वापरा.

नळी उगाच घासू नका. शिशाच्या गोळीनं ती लवकर झिजत नाही, तोंडाकडनं रॉड घालणाऱ्यांनी झिजते. मॅचच्या आदल्या दिवशी तर नळीला हातच लावायचा नाही, धुतल्यावर पहिल्या काही गोळ्या भलतीकडं जातात.

ऊसवाला_करवीर

विषयात विषय. माझ्याकडं लायसनचं .३२ पिस्तूल आहे, ऑटो. गेल्या विधानसभेला जमा केलं होतं, परत आलं ते कोरडंठाक. साफ करून खोबरेल लावलं. आता मॅगझीन भरलं की कधी कधी वरचा राउंड पुढं सरकतच नाही, जागच्या जागी रुतून बसतो. हाही स्प्रिंगचाच प्रकार का?

आर्मरर_शिरोळ

नाही, तुमचं वेगळं. .३२ ऑटोच्या काडतुसाला अर्धी रिम असते, बुडाची कड जराशी बाहेर आलेली. भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिममागं गेली की ती खालच्याला अडकते आणि बोल्ट ढकलतो तरी राउंड हलत नाही. रिमलॉक म्हणतात. भरताना प्रत्येक राउंड खालच्याच्या जरा पुढं ठेवून मग मागं सारायचा, म्हणजे वरची रिम खालच्याच्या पुढंच राहते. भरलेलं मॅगझीन उगाच खिशात हलवत हिंडू नका, त्यानंही राउंड मागंपुढं होतात. सोडवायला स्क्रूड्रायव्हर घालू नका. पिस्तुलातनं मॅगझीन काढायचं, चेंबर रिकामं आहे ते बघायचं, मग एकेक राउंड बोटानं उतरवायचा.

आणि खोबरेल काढून टाका हो. थंडीत सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठलेलं असतं की नाही? पिस्तुलातलंही गोठतं. पुढच्या निवडणुकीला जमा करायच्या आधी बाहेरनं जाड तेलाचा हात मारून द्या आणि परत मिळालं की मारायच्या आधी ते पुसून नळीतनं उजेड बघा.

उजेडावरनं आठवलं, सगळ्यांनाच सांगतो. चाप ओढल्यावर नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं ‘फुस’ झालं तर दुसरी गोळी मारायची नाही. पहिली नळीतच अडकलेली असू शकते. आणि काहीच आवाज आला नाही तर तोंड टार्गेटकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडायचं. वाकून बघायची घाई नको.

उद्यमनगरकर

काका, वही कामाला आली. नाक धडकलेलं प्रत्येक वेळी ३ नंबरचं मॅगझीन. १ आणि २ एकदम साफ चालतात. मॅगझीनच्या ओठांवर (वरचा राउंड धरून ठेवणाऱ्या कडांवर) व्हर्नियर लावला, ३ नंबर पुढच्या बाजूला बाकीच्या दोन्हींपेक्षा पाव मिलिमीटरनं फाकलंय. एका कोपऱ्यावर बारीक ठोकर लागल्याची खूणही आहे. सेकंडहँड घेताना तिन्ही सारखीच दिसत होती.

तेल पुसलं, टूथपिकनं एक्सट्रॅक्टरखालनं काळं मेण निघालं ते बघून पोरगी म्हणाली, पप्पा, हे तुमचंच तेल. पुंगळी उभी राहायचं पुष्कळ कमी झालंय, बंद नाही. कोचच्या हातात एकदाही झालं नाही, म्हणून आता रबर बँड बांधून मनगटाचा व्यायाम सुरू आहे. चेंबरच्या काठावर तुम्ही म्हणता तसा खड्डा आहे, एक स्पष्ट, दुसरा पुसट.

आता ३ नंबरचे ओठ चिमट्यानं पाव मिलिमीटर आत घेतले तर? गेज बनवून घेतो, अंदाजानं नाही करत.

आर्मरर_शिरोळ

हात शिवशिवायचे थांबले नाहीत तर. गेज बनवा, पण मोजायला. ओठ कडक केलेल्या पत्र्याचे असतात. एकदा फाकले, परत वाकवले की वाकवल्या जागी तडा धरतात आणि तो तडा मॅचमध्येच उघडतो. ३ नंबरवर फुली मारून सरावातनं बाद करा. नवीन मॅगझीन डीलरकडनं रीतसर मागवा, यायला वेळ लागतो, तेव्हा एक नको, दोन सांगा. मॅगझीन फरशीवर पडू नये म्हणून रेंजवर बाकावर जाड टॉवेल अंथरायला सांगा, सगळ्यात जास्त ठोकरा तिथंच लागतात.

खड्डा गनस्मिथला दाखवा, पण मॅचेस आटोपल्यावर. १ आणि २ नंबर साफ चालतायत, तर सीझनच्या मध्यात चेंबर उघडायचं काही कारण नाही. तोवर ड्रायफायर करताना सोय लावल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

पंचवीस_मीटर

काका, टॉवेलसोबत मॅगझीनचे आकडे ठळक टाका. मॅचच्या गडबडीत ३ नंबर परत हातात येतो, माझ्या मैत्रिणीचं झालंय. बाद केलेलं मॅगझीन रेंजच्या बॅगेत ठेवूच नका, घरी राहू दे.