मे महिन्यात युरोप, सोबत इन्सुलिन: वेळा आणि थंडावा कसा सांभाळायचा?

कोथरूडकर_लेक
आई (वय ६२) रात्री १० ला ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) १८ युनिट आणि तिन्ही जेवणांआधी रॅपिड (जेवणापुरतं, झटपट चालणारं इन्सुलिन) ६-६ युनिट घेते. दोन्ही पेनच आहेत. मेमध्ये ९ दिवसांची पॅरिस-स्वित्झर्लंड सहल आहे, पुण्याहून टॅक्सीने मुंबई आणि तिथून विमान. तिकडच्या वेळेप्रमाणे डोस कसे बसवायचे? पेनं थंड कशी ठेवायची? सामान किती न्यायचं?

बेसल_बोलस
रॅपिडचा प्रश्न सोपा आहे, ते घड्याळाला नाही तर ताटाला बांधलेलं असतं. विमानात ट्रे समोर आल्यावरच टोचायचं. हवा खराब झाली की वाढणं मध्येच थांबवतात, आणि आधी टोचून बसलेल्या माणसाची शुगर तिथेच उतरायला लागते.

ग्लार्जिनकडे जास्त लक्ष द्या. मेमध्ये पॅरिस आणि स्वित्झर्लंड दोन्ही आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, म्हणजे आपले रात्रीचे १० तिथे संध्याकाळचे साडेसहा. एवढ्याशा सहलीसाठी भारतीय वेळच धरून ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज साडेसहाचा गजर लावा आणि पेन दिवसभर पर्समध्ये असू द्या, कारण त्या वेळी बस हॉटेलवर पोचलेली असेलच असं नाही. तिथल्या १० वाजता घ्यायला लागलात तर जाताना दोन डोसमध्ये साडेसत्तावीस तास पडतात आणि शुगर चढते. परतल्यावर पुन्हा आपल्या १० ला आलात तर अंतर साडेवीस तासांवर येतं, डोस एकमेकांवर चढतात आणि झोपेत हायपोची (शुगर फार खाली जाण्याची) भीती. ही वेळ आणि डोसचे आकडे निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. चालणं भरपूर होईल त्या दिवशी जेवणाआधीचे ६ किती कमी करायचे, तेही त्यांच्याकडून लिहूनच आणा. दिवसभर चालल्यावर शुगर रात्री उशिराही उतरते, म्हणून झोपण्याआधी एकदा तपासाच.

विमानात 'डायबेटिक मील' मागवू नका. त्यात भात-ब्रेड किती असेल याचा नेम नसतो. साधं शाकाहारी जेवण घ्या आणि खाकरे जवळ ठेवा.

थंड_पाऊच
सगळं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये एकही पेन नको. बॅग हरवू शकते आणि खालच्या कप्प्यात इन्सुलिन गोठूही शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी त्याचा भरवसा नाही, ते टाकूनच द्यायचं. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे बर्फ धरतो. दारातल्या कप्प्यात ठेवा.

चालू पेनाला फ्रिज लागतच नाही. ग्लार्जिन ३० अंशांखाली २८ दिवस चालतं, बहुतेक रॅपिडचंही तसंच आहे. खरा धोका आपल्याकडेच, एक्सप्रेसवेवर. मेच्या उन्हात फूडमॉलला उतरताना बॅग गाडीत ठेवली तर इन्सुलिन भाजून निघतं. बॅग सोबत उतरवा. पाण्यात भिजवायचा पाऊच आतले दाणे फुगेपर्यंत भिजवा, वरून पुसा, पण प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. पाणी उडून जातं तेव्हाच तो थंडावा देतो.

स्वित्झर्लंडमधल्या बर्फाळ युंगफ्राउयोखला (३४५४ मीटर) उलटा त्रास. तिथे पेन आणि ग्लुकोमीटर जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी धरून. मीटर गारठला की रीडिंगऐवजी एरर दाखवतो.

हिशोब असा: ग्लार्जिन १८ आणि प्रायमिंगचे (टोचण्याआधी सुईतली हवा काढायला सोडायचे) २, म्हणजे रोज २०, नऊ दिवसांत १८०. रॅपिडचे तीन वेळा ८, रोज २४, एकूण २१६. एका पेनात ३०० युनिट असतात, म्हणजे एकेक पुरतं. तरी दोन-दोन न्या आणि दोन बॅगांत वाटा. रोज चार म्हणजे ३६ सुया लागतील, ७० घ्या. स्ट्रिप्स १००. टोचून झालं की सुई लगेच काढा. तशीच लावून ठेवली तर विमानात दाब बदलताना इन्सुलिन गळतं आणि हवा आत शिरते.

कोथरूडकर_लेक
खूप आभार. पेन बिघडलंच तर म्हणून इन्सुलिनची एक साधी व्हायल (बाटली) नेऊ का?

बेसल_बोलस
नेलीत तर सिरिंजही इथूनच न्या. आपल्याकडची साधी व्हायल सहसा ४० युनिट प्रति मिलीची असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. तिकडे १०० चं चालतं, सिरिंज केशरी टोपणाची. तिकडचं इन्सुलिन आपल्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २५ युनिट जातात. आपलं इन्सुलिन त्यांच्या सिरिंजमध्ये भरलं तर १० च्या जागी ४ च. त्यापेक्षा जादा पेनच बरं, त्यातलं इन्सुलिन इथेही १०० चंच असतं.

थंड_पाऊच
हायपोसाठी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर घ्या. १५ ग्रॅम द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या वर आली नसेल तर परत १५. चिक्की किंवा पेढा यासाठी नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर हळू चढते. स्वित्झर्लंडमध्ये दवाखान्यात रीडिंग ३.९ असं (mmol/L या तिकडच्या एककात) सांगितलं तर १८ ने गुणा, म्हणजे आपले ७०. तातडीचा नंबर दोन्ही देशांत ११२.

डॉक्टरांचं इंग्रजी पत्र लेटरहेडवर घ्या: औषधांची मूळ नावं, डोस, आणि सुया-जेलपॅक सोबत लागतात हे वाक्य. नाव पासपोर्टवरच्यासारखंच असावं. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर सिक्युरिटीला आधी सांगा आणि हाताने तपासणी मागा. विम्यात शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, पण आधीपासूनचा मधुमेह त्यात धरलाय का ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.