मदत हवी आहे: जिवाणू वाढले की गेम अडकतो

मंडळी, गोडोट 4 या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एकट्यानेच एक छोटा शूटर गेम करतोय. आपण पांढरी पेशी, समोर ई. कोलाय जिवाणू. खऱ्या ई. कोलायचे पोषक वातावरणात साधारण 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. मी 4 सेकंद ठेवलेत. तिथेच घोळ झाला. 36 सेकंदांत एकाचे 512! तोवर माझा जुना फोन तव्यासारखा तापतो आणि बटण दाबल्यापासून गोळी दिसेपर्यंत चहा उकळून होईल. प्रत्येक जिवाणू वेगळा नोड, म्हणजे गेममधला स्वतंत्र घटक आहे, टक्करही प्रत्येकाची वेगळी तपासली जाते. मेलेले नोड पुसण्याऐवजी पुन्हा वापरू, की सरळ मल्टिमेशकडे (एकाच आकाराच्या अनेक प्रती एकदम काढायची सोय) वळू? संख्येला मर्यादा घाल असं मात्र सांगू नका, दुप्पट होण्यातच तर मजा आहे. कोणी केलंय का असं काही?