प्रतिसाद: कॉम्पॅक्टचं ठीक, पण शेडचं काय?
वर एकीने लिहिलंय की मेकअप जुनाट वाटतो तो जाड फाउंडेशनमुळे, ते सोडून नुसती कॉम्पॅक्ट पावडर फिरवली की झालं. अर्धंच पटलं. चाळिशीनंतर त्वचा कोरडी पडायला लागते आणि पावडर नेमकी डोळ्यांखालच्या रेघांत जाऊन बसते. त्यापेक्षा मॉइश्चरायझर मुरू द्यावं, हवं तिथेच पातळ फाउंडेशन ओल्या स्पंजने थापावं आणि पावडर फक्त नाकाकपाळावर.

पण खरी गोची फाउंडेशनच्या शेडची आहे, तो विषय कोणी काढलाच नाही. एक शेड उजळ घ्यायची आपली सवय काही जात नाही. उजळ शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य सहसा जास्त असतं. त्यात ती गुलाबी झाकेची असली की पिवळसर गव्हाळ रंगावर चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळीच. लग्नाच्या अल्बमात तर विचारूच नका! नणंदेसोबत खरेदीला गेले तेव्हा काउंटरवरची मुलगी मनगटावर लावून दाखवत होती, तेही ट्यूबलाइटखाली. आम्ही नणंदेच्या जबड्याच्या कडेला तीन शेडचे पट्टे ओढले, बाहेर उजेडात आलो आणि चहा होईपर्यंत थांबलो, कारण काही फाउंडेशन सुकल्यावर गडद होतात. मानेत विरून गेला तो पट्टा तिच्या नेहमीच्या शेडहून चांगलाच गडद निघाला. घरी सासूबाई तिला म्हणाल्या, "आज झोप झालेली दिसतेय."

आणि भुवयांना काळीकुळकुळीत पेन्सिल वापरत असाल तर गडद तपकिरी घेऊन बघा.