पहिला लोखंडी अशनी (अवकाशातून पडलेला तुकडा) कुठला घेऊ?

दगडवेडा: सिखोते-आलिन की कॅम्पो देल सिएलो? कॅम्पो स्वस्त मिळतोय पण गंजतो म्हणतात, खरंय का?

रात्रपाळी: खरंय, अर्जेंटिनाच्या मातीत हजारो वर्षं पडून होता तो, आपल्या पावसाळ्यात तर सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यातच ठेवावा लागतो. मी सिखोते-आलिनच घेईन. १२ फेब्रुवारी १९४७ ला रशियात पडताना लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला, अंगावर ओल्या मातीत अंगठे दाबल्यासारखे खळगे, हातात घेतला की सोडवत नाही!

निकेलप्रेमी: आतली नक्षी बघायचीय तर स्वीडनच्या मुओनिओनालुस्टाचा काप घे, तोही गंजतो पण अ‍ॅसिडने उठवलेल्या त्या तिरक्या पट्ट्या लाखो वर्षं संथ थंड होत बनल्यात. आणि नुसतं चुंबक चिकटलं म्हणून घेऊ नकोस, ते साध्या लोखंडालाही चिकटतं; लोखंडी अशनीत निकेल असतं, ते तपासलंय का विचार.

दगडवेडा: मग सिखोते-आलिनच, पडताना पाहिलेला म्हटल्यावर राहवत नाहीये.